25 नव्हे, 29

उपचारांच्या 38व्या दिवशी मावशी पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "पंचवीस झाल्या, ताई. सुटले एकदाची," म्हणाल्या आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला. मागे त्यांचे यजमान उभे होते, खिशात चिपळूणच्या गाडीची दोन तिकिटं. गणपती दहा दिवसांवर आले होते. मी फाइल उघडली आणि पेढा हातात तसाच राहिला. रेडिएशनचे बाहेरून द्यायचे 25 शेक संपले होते. आतून द्यायचे 4 अजून सुरूही व्हायचे होते, आणि हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी मुंबईतल्या एका रुग्णालयात कर्करोग विभागात समाजसेविका आहे. रेडिएशन घेणाऱ्या बायकांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं, योजनेचे कागद लावणं, राहण्या-जेवण्याची सोय बघणं हे माझं काम. हे प्रकरण लिहिताना ओळख पटू नये म्हणून वय, वस्ती आणि नात्यांमध्ये थोडे बदल केले आहेत. उपचारांचा भाग जसा घडला तसाच ठेवला आहे.

सात महिने

मावशी 51 वर्षांच्या. काळाचौकीच्या चाळीत राहतात, जवळच्या पोळी-भाजी केंद्रात रोज दोनेकशे पोळ्या लाटतात. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. मग मध्येच लाल जायला लागलं. त्यांना वाटलं पाळी परत आली, होतं असं या वयात. घडी घातलेलं फडकं वापरत, वास येतो म्हणून दिवसातून दोनदा आंघोळ करत त्यांनी सात महिने काढले. कोणाला सांगितलं नाही. शेवटी सुनेने मोरीत भिजत टाकलेले कपडे पाहिले आणि ती त्यांना हाताला धरून महापालिकेच्या रुग्णालयात घेऊन गेली.

पाळी पूर्ण थांबल्यानंतर एक थेंब जरी रक्त गेलं तरी तपासणी करायची असते, ही गोष्ट मी चाळीतल्या सभांमध्ये शंभरदा सांगितली असेल. तरीही मावशींचे सात महिने गेलेच. याच मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायकांवर मोठी चाचणी केली होती. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पिशवीच्या तोंडाला, म्हणजे गर्भाशयमुखाला, व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून तपासायचं, एवढ्या साध्या पद्धतीने तिथल्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले, असं 2013 साली जाहीर झालं. मावशींपर्यंत अशी तपासणी कधीच पोहोचली नव्हती.

तुकडा तपासला, गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. एमआरआयमध्ये गाठ 5 सेंटिमीटरची, पिशवीच्या दोन्ही बाजूंच्या मऊ ऊतींमध्ये शिरलेली, पण कटीच्या भिंतीपर्यंत न पोहोचलेली. मूत्रपिंडं ठीक, लसिका ग्रंथी मोकळ्या. डॉक्टरांच्या भाषेत टप्पा 2बी. हिमोग्लोबिन 7.8, म्हणून आधी रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या.

यजमानांचा पहिला प्रश्न सगळेच विचारतात तोच होता. "पिशवी काढून टाका ना, कटकट जाईल." गाठ पिशवीच्या तोंडापुरतीच आणि लहान असते तेव्हा शस्त्रक्रिया चांगली. बाजूच्या ऊतींमध्ये रोग शिरला की कापताना तो मागे राहण्याची भीती असते आणि मग ऑपरेशन झाल्यावरही रेडिएशन द्यावंच लागतं. म्हणजे दोन्ही उपचारांचा त्रास भोगायचा आणि फायदा एकाचाच. म्हणून या टप्प्याला रेडिएशन हाच मुख्य उपचार, सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या कर्करोगाच्या औषधाची सलाईन. टाटा मेमोरियलनेच 3बी, म्हणजे याच्या पुढच्या टप्प्यातल्या 850 बायकांवर केलेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या रेडिएशनने 5 वर्षांनी 46 टक्के बायका हयात होत्या, सिस्प्लॅटिनची जोड दिलेल्यांपैकी 54 टक्के. हा आकडा सांगताना एक गोष्ट नेहमी मागे पडते: दोन्ही गटांतल्या बायकांना बाहेरचं आणि आतलं अशी दोन्ही रेडिएशनं ठरलेलीच होती. सिस्प्लॅटिनचा फायदा त्या पायावर उभा आहे.

मावशींची आखणी अशी होती. सोमवार ते शुक्रवार रोज एक शेक, 1.8 ग्रेचा, असे 25, म्हणजे 45 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप). दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. त्यानंतर आतून 7 ग्रेचे 4. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत खर्च मंजूर झाला. 15 ऑगस्टची सुट्टी आणि पावसाने लोकल बंद पडलेला एक दिवस, असे दोन दिवस वाया गेले, म्हणून 25वा शेक 37व्या दिवशी झाला. पांढऱ्या पेशी खाली आल्यामुळे पाचवी सलाईन सोडून द्यावी लागली. एवढं सोडलं तर सगळं सुरळीत.

चूक कुठे झाली

चूक माझ्यापासून सुरू झाली, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. पहिल्या दिवशी मी मावशींना घडीचं कार्ड दिलं. त्यावर 25 चौकोन आखलेले होते, रोजच्या शेकानंतर एकावर शिक्का पडायचा. माझ्याच हस्ताक्षरात वर लिहिलं होतं: "एकूण 25". आतल्या शेकाचा उल्लेख फाइलच्या तिसऱ्या पानावर इंग्रजी आद्याक्षरांत होता. संमतिपत्रात "अंतर्गुहीय विकिरणोपचार" असा शब्द होता. तो शब्द मावशींनी सोडा, मीसुद्धा कधी तोंडाने उच्चारलेला नव्हता. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं, पण कर्करोग आहे हे कळल्याच्या दिवशी माणूस पुढचं काय ऐकतो?

दुसरं कारण शरीरातच होतं. तिसऱ्या आठवड्यात रक्त जायचं थांबलं. वास गेला. मावशींना भूक लागायला लागली, चेहरा उजळला. चाळीत सगळे म्हणाले, बरी झालीस. बाहेरच्या रेडिएशनने गाठ आकसते आणि रक्तस्राव थांबतो, तो थांबायलाच हवा. पण 37व्या दिवशीच्या तपासणीत गाठ अजून अडीच सेंटिमीटरची होती आणि डावीकडची ऊती हाताला घट्ट लागत होती. रक्त थांबलं म्हणजे रोग गेला, हा समज या आजारात जीव घेतो. मावशींच्या महिनाभर आधी नाव नोंदवलेल्या एक बाई अशाच 25 घेऊन साताऱ्याला गेल्या. फोन लागेना. सात महिन्यांनी आल्या तेव्हा पायावर सूज होती आणि दोन्ही मूत्रवाहिन्या दाबल्या गेल्या होत्या. त्यांच्याही कार्डावर माझंच अक्षर होतं.

आतूनच का

बाहेरून दिलेला शेक यंत्रातून येतो आणि ओटीपोटातून आरपार जातो. वाटेत मूत्राशय, गुदाशय, आतड्याची वेटोळी असतात. पंचेचाळीस-पन्नास ग्रेपर्यंत ती सोसतात. एवढी मोठी गाठ कायमची मारायला मात्र गाठीच्या जागी 80 ग्रेच्या वर मात्रा लागते. तेवढी बाहेरून दिली तर आतडं जळून भोकं पडतील. मग मात्रा गाठीत जास्त आणि शेजारी कमी हे कसं साधायचं? किरणांचा उगमच गाठीत नेऊन ठेवायचा. यालाच ब्रॅकीथेरपी म्हणतात. नावातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ "आखूड", म्हणजे थोड्या अंतरावरून, एवढाच.

रेडिएशनच्या मात्रेचा हिशेब करणाऱ्या आमच्या फिजिसिस्ट मॅडमनी मावशींना हे तव्यावरून समजावलं. "तव्याला हात लागला तर फोड येतो. चार बोटं वर धरला तर नुसती ऊब लागते. अंतर थोडंच वाढतं, पण फरक केवढा पडतो." हिशेब असा की उगमापासून 1 सेंटिमीटरवर 100 धरले तर 2 सेंटिमीटरवर 25 उरतात आणि 3 सेंटिमीटरवर 11. स्त्रीच्या शरीराची रचनाही इथे मदतीला येते. योनिमार्ग आणि गर्भाशयाची पोकळी ही निसर्गाने दिलेली वाट आहे, तिच्यातून थेट गाठीच्या मधोमध पोहोचता येतं. म्हणून रेडियम या किरणोत्सारी धातूचा शोध 1898 साली लागल्यावर पुढच्या काही वर्षांतच ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर वापरलं जाऊ लागलं. आजही या आजारात ब्रॅकीथेरपीची जागा दुसऱ्या कशाने भरून निघत नाही.

मावशींच्या बाबतीत आतले 7 ग्रेचे 4 म्हणजे सरळ बेरजेने 28. पण मोठ्या मात्रेचा घाव पेशींवर जास्त खोल बसतो, म्हणून रोजच्या 2 ग्रेच्या मापात ते सुमारे 40 ग्रेच्या बरोबरीचे. बाहेरच्या 45 ग्रेचे याच मापात 44 धरले, तर एकूण 84. आता कोणी आतला भाग सोडला तर 84 पैकी 44 वर उपचार थांबला, असं कागदावर मांडून दाखवलं की घरच्यांना लगेच कळतं. हिशेब न कळणारं माणूस मला तरी अजून भेटलेलं नाही. न कळणारी भाषा आपणच बोलतो.

"आता नवीन मशिनं आलीत, बाहेरूनच नेमकं मारतात, ती नळीची भानगड लागत नाही," असं यजमानांना कोणीतरी सांगितलं होतं. ही समजूत शिकलेल्या घरांतही आहे. बाहेरचं यंत्र कितीही नेमकं असलं तरी किरणांना निरोगी ऊतींमधूनच यावं लागतं, आणि मूत्राशय भरला, रिकामा झाला की गाठ आत सरकते. ब्रॅकीथेरपीत उगम गाठीबरोबरच हलतो. अमेरिकेतल्या रुग्णनोंदींचा 2013 साली आलेला अभ्यास याच गोष्टीवर होता. तिथे ब्रॅकीथेरपीचा वापर घटत गेला होता, आणि ती मिळालेल्या बायका न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगल्या होत्या.

राहिली वेळ. पहिल्या शेकापासून शेवटच्या आतल्या शेकापर्यंत सगळं 8 आठवड्यांत, म्हणजे 56 दिवसांत संपायला हवं. मध्ये मोठा खंड पडला की उरलेल्या पेशी भराभर वाढून मिळवलेलं गमावतात. 38व्या दिवशी आमच्या हातात 18 दिवस होते. मावशींना अनंत चतुर्दशी करून, म्हणजे 58व्या दिवशी परतायचं होतं.

तीन बैठका

पहिल्या दिवशी मावशींनी सरळ नाही म्हटलं. यजमान चिडले नाहीत, पण तिकिटं परत खिशात ठेवताना म्हणाले, "पैसे काढायचे धंदे." योजनेत सगळं बसलेलं असूनही ते असं म्हणाले, कारण त्यांना फसवल्यासारखं वाटलं होतं. 25 सांगून वर 4 काढले, असं कोणालाही वाटेल. मी माफी मागितली. कार्डावर आकडा चुकीचा लिहिला तो मी, डॉक्टरांची आखणी पहिल्यापासून 29चीच होती, असं फाइलचं पान उघडून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी त्या जावेला घेऊन आल्या. जाऊबाईंनी सांगितलं की त्यांच्या आईला फार वर्षांपूर्वी "रेडियम घातलं" होतं. एका खोलीत एकटीला दोन-तीन दिवस निजवून ठेवलं, कूस बदलू दिली नाही, नर्ससुद्धा दारातूनच बोलायची. हे ऐकल्यावर माझी एक तरुण सहकारी "तसं काही नसतं" म्हणू लागली. मी तिला थांबवलं, कारण तसंच होतं. तेव्हा रेडियम आणि नंतर सीझियम वापरत. त्यातून मात्रा सावकाश मिळायची, म्हणून तास नाही, दिवस लागत. आता इरिडियम वापरतात. त्याचा तांदळाच्या दाण्याहून बारीक तुकडा तारेच्या टोकाला असतो, तो यंत्र आत पाठवतं आणि काही मिनिटांत परत ओढून घेतं. जाऊबाईंच्या आईचे हाल खरे होते, एवढं मान्य केल्यावरच त्या पुढचं ऐकायला तयार झाल्या. त्यांच्या आई नंतर 22 वर्षं जगल्या, हेही मग त्यांनीच सांगितलं.

मावशींची दुसरी भीती नातवाची होती. चाळीतल्या एका मुलीला थायरॉइडच्या कर्करोगासाठी औषध पाजलं होतं आणि तिला काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायला सांगितलं होतं. तेही बरोबरच. ते किरणोत्सारी आयोडीन. ते पोटात जाऊन रक्तातून थायरॉइडच्या पेशींपर्यंत पोहोचतं आणि घामा-लघवीतून बाहेर पडत राहतं. 8 दिवसांनी निम्मं होतं. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे उपचार कित्येक दशकं होत आले आहेत. मावशींचा प्रकार वेगळा. उगम बंद तारेत आहे, तार बाहेर आली की शरीरात काही उरत नाही. त्याच रात्री नातवाला मांडीवर घेऊन झोपवलं तरी चालेल.

एवढं झालं तरी त्या "बघते" एवढंच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना एकटीला बोलावलं, सगळ्यांना चहाला पाठवलं. बराच वेळ पदराशी चाळा करून मग म्हणाल्या, "ताई, तुकडा काढला तेव्हा भूल दिली नव्हती. पाय वर बांधून ठेवलेले. दोन पुरुष डॉक्टर होते, एक नुसता बघत होता. आता हे चार वेळा?"

खरं कारण हे होतं. गणपती, नातू, पैसे हे सगळं याच्या आडोशाला उभं होतं. मला वाटतं, ब्रॅकीथेरपी सोडून जाणाऱ्या कितीतरी बायकांचं कारण हेच असतं आणि फाइलवर मात्र "रुग्ण आला नाही" एवढीच नोंद होते. मी त्यांना भूलतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी मणक्यातल्या भुलीबद्दल शांतपणे सांगितलं: कंबरेखाली काही कळणार नाही, वर चादर असेल, खोलीत गरजेपुरतेच लोक असतील. डॉक्टर स्त्री असाव्यात ही मावशींची मागणी विभागात लगेच मान्य झाली. फक्त मागायची खोटी होती, आणि आम्ही ते कधी विचारलंच नव्हतं.

दोनदा, चार वेळा नव्हे

डॉक्टरांनी आखणी बदलली. प्रत्येक शेकाला वेगळी भूल देण्याऐवजी एकदा नळ्या बसवून दोन शेक द्यायचे, एक त्या दिवशी आणि दुसरा दुसऱ्या सकाळी. मध्ये किमान 6 तासांचं अंतर लागतं, ते सहज मिळतं. म्हणजे पाय बांधायची वेळ दोनदाच. पहिली फेरी 43व्या आणि 44व्या दिवशी. मग दोन दिवस विश्रांती, रक्त तपासून चिपळूणला जायला हरकत नाही असं पत्र. घरचा गणपती दीड दिवसांचा, 48व्या दिवशी बसणार, 49व्याला विसर्जन, 50व्याला परत. दुसरी फेरी 53 आणि 54. डॉक्टरांनी कॅलेंडरवर बोट ठेवून हे सांगितलं तेव्हा यजमान पहिल्यांदा खुर्चीवर टेकून बसले.

43व्या दिवशी सकाळी मणक्यात बारीक नळी घालून कंबरेखालचा भाग बधिर केला. लघवीची नळी घातली. पोटावरून सोनोग्राफी करत करत गर्भाशयात एक वाकडी पोकळ नळी सरकवली. सोनोग्राफी यासाठी की नळी गर्भाशयाची भिंत भेदून पलीकडे जाऊ नये. पिशवीच्या तोंडाशी एक पोकळ कडं बसवलं. डावीकडची ऊती अजून घट्ट होती, नुसत्या नळी-कड्याची मात्रा तिथवर पुरली नसती, म्हणून कड्यातल्या भोकांमधून त्या बाजूला तीन पोकळ सुया घातल्या. गाठ आणखी पसरलेली असती तर सगळा उपचार सुयांच्या जाळीनेच करावा लागला असता. शेवटी ओल्या गॉजची घट्ट भरण, नळ्या हलू नयेत आणि मूत्राशय, गुदाशय जरा लांब सरकावेत म्हणून.

मग एमआरआय. मग दोन-अडीच तासांची वाट. हा वेळ सगळ्यात कंटाळवाणा, सरळ निजून राहायचं, पाठ अवघडते. पण याच वेळात खरं काम होतं. डॉक्टर प्रत्येक चित्रावर गाठ, मूत्राशय, गुदाशय आखतात आणि फिजिसिस्ट ठरवतात की तारेचं टोक कुठल्या बिंदूवर किती सेकंद थांबायचं. गुदाशयाच्या सर्वांत जास्त मात्रा मिळणाऱ्या 2 घन सेंटिमीटर भागाला किती मिळते, हे मर्यादेत बसेपर्यंत आकडे फिरवत राहतात. मावशींची एक सुई गुदाशयाच्या जरा जवळ गेली होती, तिच्यातला थांबा कमी केला.

उपचाराच्या खोलीत यंत्राच्या नळ्या जोडून सगळे बाहेर आले. कॅमेऱ्यातून त्या दिसत होत्या, बोलता येत होतं. आधी एक साधी तार जाऊन वाट मोकळी असल्याची खात्री करून आली, मग उगमाची तार गेली. दारावरचा दिवा लाल झाला. साडेनऊ मिनिटांच्या आत सगळं आटोपलं. मावशी डोळे मिटून बोटांवर रामनाम मोजत होत्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा सीटी करून नळ्या जागेवर असल्याचं पाहिलं आणि दुसरा शेक झाला. नळ्या काढताना मात्र दुखलं, थोडं रक्त गेलं. ते मी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरल्या नाहीत.

चिपळूणहून त्या मोदक घेऊन आल्या आणि 53व्या दिवशी स्वतःहून खाट चढल्या. शेक झाल्यावर त्यांनी फिजिसिस्ट मॅडमना विचारलं, "मागच्या खेपेला नऊ माळा झाल्या होत्या, आज दहावी संपली. जास्त दिलं का?" मॅडमना इतका आनंद झाला की त्या खुर्ची ओढून बसल्या. इरिडियम 74 दिवसांत निम्मं होतं. मधल्या 10 दिवसांत उगम साधारण एक दशांशाने मंदावला होता, म्हणून तेवढीच मात्रा द्यायला वेळ जास्त लागला. याच कारणाने असे उगम दर तीन-चार महिन्यांनी बदलावे लागतात.

54व्या दिवशी 29वा शेक झाला.

इतर कुठे वापरतात

मावशींच्या जावेने विचारलं होतं, हे फक्त बायकांच्याच आजाराला का? नाही. जिथे गाठीपर्यंत हात पोहोचतो आणि गाठ फार पसरलेली नाही, तिथे आतलं रेडिएशन विचारात घेतात. ओठ, जीभ किंवा गालाच्या लहान गाठींत सुयांच्या वाटेने बारीक नळ्या ओवतात. आपल्याकडे तंबाखूमुळे या गाठी कमी नाहीत, पण जबड्याच्या हाडापर्यंत रोग गेला असेल तर हा उपचार चालत नाही. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत किरणोत्सारी आयोडीनचे बारीक दाणे कायमचे सोडतात. निवडक रुग्णांमध्ये स्तनाची गाठ काढल्यावर फक्त त्या जागेपुरतं देता येतं. हातापायांच्या सार्कोमात, म्हणजे मऊ ऊतींच्या कर्करोगात, शस्त्रक्रियेच्या वेळीच नळ्या ठेवतात. अन्ननलिका बंद होत आलेली असेल तर रोग बरा करायला नव्हे, घास उतरावा म्हणून देतात, आणि तेही मोलाचं आहे. डोळ्यातल्या गाठीसाठी डोळ्याच्या गोळ्याला बाहेरून, गाठीच्या जागी, छोटी चकती शिवतात. अशी रुथेनियमची चकती तुर्भ्याच्या भाभा केंद्रात, अणुभट्टीतल्या जळालेल्या इंधनाच्या कचऱ्यातून वेगळं काढलेल्या रुथेनियमपासून बनवली गेली आहे. डोळा वाचवणारी वस्तू त्या कचऱ्यातून यावी, हे मला फार मोठं वाटतं.

नंतरची दोन वर्षं

तीन महिन्यांनी तपासणी आणि एमआरआय झाला. गाठ नव्हती. ही पहिली तपासणी फार लवकर करत नाहीत, कारण रेडिएशनचा परिणाम संपल्यावरही बरेच आठवडे पेशी मरत राहतात आणि घाईत काढलेलं चित्र उगाच घाबरवतं.

पहिले दोन महिने लघवीला जळजळ होती, पाणी आणि साध्या औषधाने गेली. चौदाव्या महिन्यात शौचातून ताजं रक्त आलं. चाळीतल्या डॉक्टरने मूळव्याधीचं मलम दिलं. मावशी या वेळी मात्र थांबल्या नाहीत, चौथ्या दिवशी आमच्याकडे आल्या. दुर्बिणीतून गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर बारीक फुगलेल्या रक्तवाहिन्या दिसल्या. रोग परतला नव्हता, तो रेडिएशनचा उशिरा दिसणारा परिणाम होता. सुक्राल्फेट या औषधाच्या बस्तीने (एनिमाने) रक्त सहा आठवड्यांत थांबलं. अशा जागेचा तुकडा तपासायला काढू नये, जखम भरत नाही आणि योनिमार्गाशी भोक पडू शकतं. म्हणून दुसरीकडे कुठे दाखवायची वेळ आली तर "इथे रेडिएशन झालं आहे" हे आधी सांगा, असं आता त्यांच्या कार्डावर लिहिलं आहे.

कार्ड आम्ही बदललं. त्यावर आता 25 निळे चौकोन आणि खाली 4 लाल चौकोन आहेत, आणि वर 56व्या दिवसाची तारीख. पहिल्या आठवड्यातच बाईला भूलतज्ज्ञांची भेट घालून देतो आणि स्त्री डॉक्टर हवी का हे आम्हीच विचारतो.

एका बाबतीत मात्र आम्ही अजून कमी पडतो. रेडिएशननंतर योनिमार्गाच्या भिंती आकसतात, एकमेकींना चिकटतात. त्यासाठी डायलेटर, म्हणजे योनिमार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत कांडी, देतात, आठवड्यातून दोन-तीनदा वापरायचा. नवराबायकोच्या नात्यासाठी तो हवाच, पण तो नसेल तर पुढे तपासणीही नीट करता येत नाही आणि रोग परतला तर उशिरा कळतो. मावशींनी तो दोन महिने वापरला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला. घरात दोन खोल्या, सून, मुलगा, नातू. कडी लावून दहा मिनिटं बसायला जागा कुठे? गेल्या तपासणीत डॉक्टरांना एकच बोट कसंबसं जाऊ शकलं. आमच्या ज्येष्ठ सिस्टर त्यांच्याशी बोलल्या. दुपारी नातू बालवाडीत आणि सून कामावर असते, तेव्हाची वेळ दोघींनी मिळून ठरवली आहे. पुढची तारीख चार महिन्यांनंतरची आहे.